एकही भोक नसलेला पालक

सात वाजून गेले होते. द्रौपदी साळवेने चहा गाळला, स्टीलचा पेला अर्धाच भरला आणि नवऱ्याच्या दोन्ही हातांच्या मध्ये नीट बसवून दिला. पेला काठोकाठ भरायचा नाही, हे त्या घरात तेवीस वर्षांपासून ठरलेलं. भाऊरावचे हात थरथरतात. अर्धा पेला पोटात जातो, भरलेला बनियनवर.

"बिस्किट?"

"बुडवून दे."

तिने बुडवून दिलं. दहिसरच्या चाळीतल्या त्या खोलीत रोजची सकाळ अशीच व्हायची. आज वेगळं एवढंच, की बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलेली प्लास्टिकची फाईल तिने काढून, ओल्या फडक्याने पुसून दाराजवळ ठेवली होती. अकरा वाजता शेतीखात्याच्या मॅडम मळा बघायला येणार होत्या.

आणि दार वाजलं.

त्या चाळीत दार कोणी वाजवत नाही. लोक सरळ आत येतात, नाहीतर नळावरूनच हाक मारतात. त्यामुळे द्रौपदी हातातलं बिस्किट ठेवून तडक उठली. तिने कडी काढली. बाहेर वनमाला. तीस वर्षांची मैत्रीण, जिने या दारावर कधी बोटसुद्धा वाजवलं नव्हतं. डाव्या भुवईच्या वर कातडी फाटली होती, रक्त डोळ्यात उतरून पापणीचे केस चिकटले होते. मनगटात फुटक्या बांगडीची एक काच तशीच रुतलेली.

"गो, चल लवकर," वनमाला धापा टाकत म्हणाली. "राजेशान पंप भरल्यान. मी आडवी गेलंय तर माका ढकलल्यान. तुझ्या मळ्यात गेलो हा."

"पंप कसला?"

"तण जाळूच्या औषधाचो!"

द्रौपदीने गॅस बंद केला. भाऊरावला म्हणाली, "तुम्ही इथंच बसा, हालू नका." दाराच्या खिळ्याला अडकवलेला विळा उचलला आणि चप्पल न घालता निघाली.

चाळीपासून मळा दहा मिनिटांवर, नदीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याला. ही दहा मिनिटं ती पळत होती तेवढ्यात ती काय वाचवायला पळत होती ते सांगायला हवं.

मळा सहा गुंठ्यांचा. जमीन तिची नाही. मालक पूर्वीपासून कसायला देत आला, द्रौपदी कसत आली. ती जालन्याकडची, लग्न होऊन इकडे आली तेव्हा नदीकाठी दूरपर्यंत भाजीचे मळे होते आणि त्या मळ्यांवर औषध मारायचं काम भाऊराव करायचा. पाठीवर पंप, हातात नळी, तोंडाला काही नाही, पायांत काही नाही. पंधरा वर्षं. लोक त्याला पंपवाला भाऊ म्हणायचे, आणि त्याला त्याचं कौतुकच वाटायचं. एका एप्रिलमध्ये भर दुपारी तो वांग्याच्या सरीत कोसळला. द्रौपदी भाकरी घेऊन पोचली तेव्हा त्याच्या तोंडातून फेस येत होता आणि टाचा माती उकरत होत्या, खाटकाने मान कापलेल्या कोंबडीच्या उकरतात तशा. तो जगला. पण हात गेले ते गेलेच, उजव्या डोळ्यापुढे कायमचं धुकं आलं. कशामुळे, ते कोणत्याही डॉक्टरने कागदावर लिहून दिलं नाही. द्रौपदीला लिहून नको होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने तो पंप नदीवर नेला आणि धुण्याच्या दगडावर आपटून आपटून फोडला. पुढच्या वर्षी तिने स्वतः सहा गुंठे कसायला घेतले, आणि त्या मातीत शेण, पालापाचोळा, राख आणि निंबोळीच्या पाण्याखेरीज काही पडू दिलं नाही. सेंद्रिय हा शब्द तिने तेव्हा ऐकलाही नव्हता.

योजना आली ती अलीकडे, तीन वर्षांमागे. लहान शेतकऱ्यांनी पाच जणांचा गट करायचा. सरकार गांडूळखताचे बेड देणार, बियाणं देणार. आणि तीन वर्षं कोणी विषाचा थेंब मारला नाही तर पूर्ण सेंद्रियचा शिक्का. शिक्का मिळाला की शेडनेटसाठी, पिकावर ताणायच्या सावलीच्या जाळीसाठी, अनुदान. हे सगळं द्रौपदीला समजावलं वनमालाच्या मुलाने, राजेशने, आणि खरं ते सांगायचं तर पळापळही त्यानेच केली. मालकाचं संमतीपत्र, फोटो, झेरॉक्स. द्रौपदीचा अर्ज त्याच्याच अक्षरात आहे. त्याचा मळा तिच्या मळ्याला लागूनच, मध्ये फक्त शेवग्याची रांग. लहानपणी आई कामावर गेली की तो द्रौपदीकडेच जेवायचा. तिला मावशी म्हणायचा. गटाचा प्रमुख तोच झाला.

आता या योजनेतली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण सगळं तिच्यावरूनच फाटलं. शिक्का मिळण्याआधी सरकारी माणूस एकदा येऊन बघतो, पण खरी तपासणी गटातल्यांनीच एकमेकांची करायची. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या मळ्यात चालायचं, माती उकरून बघायची, पानं उलटून बघायची आणि सही करायची, की हो, या माणसाने फवारणी केलेली नाही. एकाची खोटी निघाली तर पाचांचंही लटकतं. कल्पना चांगली. पण शेजाऱ्याच्या मळ्यात जाऊन माती उकरणं म्हणजे त्याच्या चुलीवरच्या भांड्यात नाक घालण्यासारखं. म्हणून पहिल्या वर्षापासून रिवाज पडला: सगळे वनमालाच्या घरी जमायचे, ती चहा करायची, कांदाभजी तळायची आणि फॉर्म गोल फिरायचे. द्रौपदीनेही दोन वर्षं राजेशच्या फॉर्मवर सही केली ती तिथेच, बशीतला चहा फुंकत. पोरगं आपल्या हातचं खाऊन वाढलंय, त्याची माती काय उकरायची?

यंदा तिने उकरली. बोरिवलीच्या रविवारच्या बाजारात ती भाजी घेऊन बसते. तिथे एक बाई दर आठवड्याला विचारायची, "शिक्का आला का हो?" आणि द्रौपदी म्हणायची, "येतोय." त्या बाईचा नवरा केमोवर होता. मागच्या रविवारी ती म्हणाली, "तुमच्या गटातल्या राजेशदादांचाही पालक नेते मी, काय सुंदर असतो हो! एक भोक नाही." द्रौपदी हसली, पण ते वाक्य दिवसभर तिच्या दाताखाली खड्यासारखं येत राहिलं. तिच्या स्वतःच्या पालकाला तर भोकंच भोकं. अळी तिच्याकडे येते आणि शेवग्याची रांग ओलांडून जात नाही?

दोन दिवसांपूर्वी ती फॉर्म घेऊन राजेशच्या मळ्यात उतरली, अनवाणी. पालक खरंच तुकतुकीत होता. फुलावर आलेल्या कोथिंबिरीखाली वीसेक मधमाश्या मरून पडल्या होत्या, पाय वर. तिने खुरप्याने चार ठिकाणी उकरलं. गांडूळ एकही नाही.

राजेश बांधावर मोबाईल बघत उभा होता. "झालं का गं मावशी? डोकावून बघितलीस ना सुहागरात्रीची खोली? आता कर सही."

"रात्रीचं औषध मारतोस तू."

"हॉटेलवाल्याला भोकं चालत नाहीत."

"मग शिक्का कशाला पाहिजे तुला?"

"शेडनेट काय हॉटेलवाला देणार? येडी आहेस का?"

तिने तिथेच, बांधावर बसून, फॉर्मवर लिहिलं: फवारणी केली आहे. खाली सही. सातवी पास बाईचं अक्षर, पण ठळक.

राजेश हसला नाही. जवळ येऊन हळू म्हणाला, "गेल्या वर्षी भजी खाऊन सही केलीस, त्याच्या आदल्या वर्षी केलीस. तेव्हा मी काय संत होतो? परवा मॅडम यायच्या आत ही ओळ खोड, मावशी. नाहीतर जे माझ्यात निघालं तेच तुझ्यात निघेल."

त्या दोन वर्षांच्या सह्यांचं तिला रात्रभर लागलं. धमकीचं नाही. धमकी तिने खरी धरलीच नाही.

आता ती मळ्याच्या कडेला पोचली आणि थांबली, कारण वास आला. तेवीस वर्षांत नाकाने विसरलेला वास, पण पोटाने लगेच ओळखला.

राजेश पाठीवर पंप घेऊन तिच्या माठाच्या वाफ्यात उभा होता. तोंडाला रुमाल. डावा हात वर-खाली पंप मारतोय, उजव्या हातातली नळी शांतपणे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतेय, घराला रंग देत असल्यासारखी. माठ फवारून झाला होता, मुळा झाला होता. गांडूळखताचा बेड त्याने आधीच लाथा घालून उलथवला होता. ओल्या खताचा ढीग उन्हात पसरला होता आणि त्यात हजारो गांडुळं वळवळत होती. त्यांच्यावरही त्याने फवारलं असावं, कारण ती वळवळ नेहमीची नव्हती. गाठी पडत होत्या, सुटत होत्या.

"राजेश!"

त्याने वळूनही पाहिलं नाही. "बोललो होतो ना? आता मॅडमना दाखव कोणाचा मळा शुद्ध."

द्रौपदी धावली. पंपाचा पट्टा तिने धरला आणि ओढला. त्याने कोपर मागे मारलं, ते तिच्या दातांवर बसलं. तोंडात रक्ताची खारट चव आली. ती पुन्हा गेली, आणि या खेपेला तिच्या हातातला विळा चालला. तिने चालवला की आपोआप चालला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. राजेशच्या दंडावर वीतभर लाल रेघ उघडली आणि भळाभळा वाहायला लागली. द्रौपदीने त्या रेघेकडे पाहिलं. याच दंडाला तिने लहानपणी लस टोचल्यावर खोबरेल लावलं होतं. विळा तिच्या हातातून गळून पडला.

"मला मारतेस?" राजेश ओरडला. "मला? रांडे, मी तुला सरकारपर्यंत नेलं!"

त्याने नळी उलटी धरली आणि पितळी टोकाची बाजू फिरवली. ती अडवायला तिने हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज शेवग्याखाली उभ्या वनमालालाही ऐकू आला. दुसरा फटका खांद्यावर. द्रौपदी पालकाच्या वाफ्यावर पडली, तिचा भोकंभोकं असलेला पालक, आणि उठायच्या ऐवजी ती पसरली. पोटाखाली जेवढी पानं येतील तेवढी घेऊन, मोडका हात अंगाखाली दाबून, पालथी.

"ऊठ."

ती उठली नाही.

"ऊठ मावशी, नाहीतर तुझ्यावर मारीन."

"मार."

आणि त्याने मारलं. गार फवारा तिच्या मानेवर पडला, केसांत, पाठीवर, ब्लाऊजच्या आत. तिने डोळे घट्ट मिटले आणि नाक मातीत खुपसलं. फवारा थांबेना. तो रडतोय की हसतोय ते कळत नव्हतं, पण काहीतरी आवाज करत होता.

"राजेश! सोड, साले, सोड!" हा चंद्रप्रकाश. गटातला चौथा मळा त्याचा. जौनपूरहून येऊन तीस वर्षं इथेच मुळे आणि भेंडी लावणारा थोराड माणूस. त्याने मागून येऊन राजेशला कवेत धरलं आणि दोघेही बांधावर आदळले. पंप राजेशच्या पाठीखाली आला, झाकण उडालं आणि उरलेलं सगळं औषध त्याच्या शर्टात, त्याच्या दंडावरच्या उघड्या जखमेत गेलं. तो गुरासारखा हंबरला.

"कपडे काढा! दोघांचे काढा! साबण आणा!"

सगळे वळले. भाऊराव. हालू नका म्हटलेला माणूस नदी ओलांडून आला होता, एका हाताने कुंपण चाचपत, लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. तेवीस वर्षांत त्याचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"पुसू नका! चोळू नका! पाणी ओता नुसतं, पाणी! चंद्रप्रकाश, नळी लाव!"

त्याला येत होतं ते हेच. कोणी त्याच्यासाठी केलं नव्हतं ते सगळं त्याला पाठ होतं. वनमालाने स्वतःचा पदर आडवा धरला, द्रौपदीचं लुगडं सोडवलं. भाऊरावने पाण्याचा मग उचलला. थरथरत्या हातातून निम्मं पाणी बाहेर सांडत होतं, निम्मं तिच्या मानेवर पडत होतं. तो मोजत नव्हता, थांबत नव्हता. "डोळे उघड. उघड गं. पाण्यात उघड. दिसतोय का मी?"

"दिसताय."

"दोन्ही डोळ्यांनी?"

"दोन्ही."

नंतर त्याने तो मग तसाच हातात धरून राजेशकडे मोर्चा वळवला. राजेश उघडा बसून ओकत होता. वनमाला नळी धरून पोराच्या पाठीवर पाणी सोडत होती आणि दुसऱ्या हाताने त्याच पाठीवर फाडफाड मारत होती. "मेल्या! तिच्या हातचा खाल्लंस मेल्या! माज्या आंगावर हात टाकलंस!" प्रत्येक वाक्याला एक चपराक. राजेश मान खाली घालून मार खात होता.

"वनमाले, मार नंतर," भाऊराव म्हणाला. "आधी साबण लाव. जखमेत गेलंय."

शर्मिष्ठा मॅडम अकराला यायच्या, त्या साडेआठलाच आल्या. चंद्रप्रकाशने फोन केला होता. शेतीखात्यात लागून दोन वर्षं झालेली मुलगी; रिक्षातून उतरली ती उघड्या तोंडानेच बांधावर उभी राहिली. खाली गांडुळांचा ढीग, आता वळवळत नव्हता. वाफ्यांवर ओली चकाकी. रक्ताळलेला विळा. कोरड्या साडीत गुंडाळून बसवलेली बाई, तिचा मोडका हात वनमालाच्या फाडलेल्या पदरात बांधलेला. पलीकडे दंडाला फडकं बांधलेला गटप्रमुख, राखेच्या रंगाचा.

"आधी हॉस्पिटल," मॅडम म्हणाल्या. "दोघांना. हीच रिक्षा घ्या. पोलिसांना मी कळवते."

"मॅडमजी, एक मिनिट." चंद्रप्रकाश मध्ये आला. त्याच्या मनात पाप नव्हतं, भीती होती. त्याचंही शेडनेट त्याच गटात अडकलेलं. "पोलीस वगैरे जे व्हायचं ते होऊ दे. पण द्रौपदी मौसीची काय गलती? पालक तर तिने अंगाखाली वाचवला. ते कोपऱ्यातलं बघा, तिथे थेंब नाही पडला. वरची माती आम्ही काढून टाकू. माती तिकडची तपासायला न्या. शिक्का येऊ दे मौसीला. बाईस वर्षांची मेहनत आहे."

वनमालाही म्हणाली, "व्हय गो बाय. तिचो शिक्को नको अडवू."

शर्मिष्ठा मॅडमनी द्रौपदीसमोर उकिडवं बसून विचारलं, "मावशी, मी नीट सांगते. तुमच्या मळ्यात फवारणी झाली असं तुम्ही मला सांगितलंत, तर मला ते लिहावं लागेल. कोणी केली याला फॉर्ममध्ये रकाना नाही. लिहिलं, की तुमची तीन वर्षं गेली. शिक्का नाही, शेडनेट नाही, पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही एकसष्ट वर्षांच्या आहात. पोलिसांत काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण या कागदाचं मला आत्ता सांगा. काय करू?"

द्रौपदीने मळ्याकडे पाहिलं. माठाची पानं अजून हिरवीच होती. अजून दोन दिवस तशीच दिसली असती. परवाच्या रविवारी ती खुडून बाजारात नेली असती तर कोणाला कळलं नसतं. 'काय सुंदर' म्हणून कौतुकच झालं असतं. राजेश पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होता. ती खोटं बोलली, तर दोघं सारखे होणार होते, आणि ते त्याला हवं होतं की नको होतं, हे त्याच्या तोंडावर काही दिसेना.

"फाईल कुठंय माझी?" तिने विचारलं.

भाऊरावने बनियनच्या आतून फाईल काढली. नदी ओलांडताना त्याने ती छातीशी धरून आणली होती. ती हातात धरून तो उभा राहिला आणि प्लास्टिक खडखड वाजत राहिलं.

द्रौपदीने फुटलेल्या ओठांवरचं रक्त खांद्याला पुसलं.

"मॅडम," ती म्हणाली, "माझ्या फॉर्मवर आजची तारीख घाला. तीन वर्षं आजपासून मोजा."